पहिलं पान सोडून केलेला व्यायाम

मीरा आणि अनिश, हा मजकूर नेहमीच्या निळ्या पत्रात मावणार नाही, म्हणून मी फुलस्केप कागद घेतले आहेत. तुमचं मराठी वाचन सावकाश चालतं हे मला माहीत आहे. अडेल तिथे आईला विचारा. बाबांना सगळं वाचून झाल्यावर द्या. हे त्यांच्यासाठीही आहे, पण आधी तुम्ही वाचा.

आत्ताच का लिहिते, ते सांगते. मीरा, तुझं पत्र गेल्या आठवड्यात आलं. बाबांना डॉक्टरांनी रक्तदाब आहे म्हणून सांगितलं, आणि त्यांनी व्यायामाची व्हिडिओ कॅसेट आणली, असं तू लिहिलंस. कॅसेटचे तीन भाग आहेत. बाबांनी पहिला भाग पुढे पळवला आणि म्हणाले, "हा म्हाताऱ्यांसाठी आहे." तू ते गंमत म्हणून लिहिलंस. आजोबांनी पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या वाक्यापाशी आम्ही दोघंही हसलो नाही.

माझ्या आजारपणाबद्दल आम्ही तुम्हाला आजवर एक खोटी गोष्ट सांगत आलो. मी बरी होत होते, बाथरूमजवळ पाय घसरला, पडले, आणि मग सगळं बिघडलं, अशी ती गोष्ट आहे. पाय घसरला नव्हता. मी व्यायाम करताना पडले, आणि तो व्यायाम मी स्वतः, पूर्ण शुद्धीत, हातात पेन्सिल घेऊन निवडला होता.

निऱ्या

न्हावा शेवाचं बंदर सुरू होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. मी रिटायर होऊन सव्वा वर्ष. नवीन पनवेलच्या या तळमजल्याच्या घरात आमची घडी नुकती बसली होती.

सकाळी आंघोळ करून मी साडी नेसत होते. निऱ्या डाव्या हातातून सुटल्या. पुन्हा घातल्या, पुन्हा सुटल्या. हात अंगाखाली आला असेल, मुंग्या जातील, असं वाटलं. आजोबा चहा घेऊन आत आले आणि दारातच थांबले.

"अगं, तोंड असं काय केलंयस?"

"कसं?"

"वाकडं."

मी म्हणाले, सकाळी सकाळी थट्टा नको. त्यांना ते शब्द कळले नाहीत. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला समजलं की माझ्या तोंडातून काहीतरी भलतंच बाहेर पडतं आहे.

रिक्षा दाराशी आली तरी मी निघेना. घरातली साडी नेसून डॉक्टरकडे जायचं नाही, हा माझा हट्ट. आजोबांनी मला इस्त्रीची साडी कशीबशी गुंडाळली. त्यात पाऊण तास गेला. तो पाऊण तास मी अजून मोजते.

जुन्या पनवेलमधल्या डॉक्टरांनी मला दोन्ही हात समोर धरायला सांगितले. मी धरले. ते बघत राहिले. मी म्हणाले, "धरलेत की." तेव्हा आजोबांनी माझी हनुवटी हळूच डावीकडे वळवली. डावा हात मांडीवर पडलेला होता. तो खाली आला, हे मला कळलंच नव्हतं.

डॉक्टर आजोबांना म्हणाले, "मिसेसना पॅरालिसिसचा अ‍ॅटॅक आहे. मेंदूचा फोटो काढायला मुंबईला न्या." मी तिथेच बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याबद्दलचा निर्णय मला वगळून झाला.

अ‍ॅम्ब्युलन्स कळंबोलीपाशी कंटेनरच्या रांगेत अडकली. मागच्या खिडकीतून मला फक्त एका कंटेनरची लोखंडी पाठ दिसत होती. आजोबा ड्रायव्हरला "जरा भोंगा वाजवा हो" म्हणत होते आणि ड्रायव्हर म्हणत होता, "काका, वाजवून उडत जाऊ का?"

वॉर्ड

मुंबईच्या हॉस्पिटलात मी चोवीस दिवस होते. औषधांची नावं तुम्हाला सांगून काही उपयोग नाही. दिवस कसा जायचा ते सांगते.

पहाटे साडेपाचला थर्मामीटर. मग पॉट. मग स्पंज. आठला चहा, त्यात बिस्किट बुडवून मऊ करायचं, कारण डाव्या गालात अन्न साठून राहायचं आणि ते साठलं आहे हे मला कळत नसे. अकराला मोठे डॉक्टर, मागे सात-आठ शिकाऊ. एकानं माझ्या तळपायावर किल्ली ओढली आणि दुसऱ्याला म्हणाला, "बघ, क्लासिक आहे." मी इंग्रजीत म्हणाले की क्लासिक हा शब्द पुस्तकांसाठी राखून ठेवावा. तोपर्यंत माझी वाचा बरीच परत आली होती. तो मुलगा लाजला. त्या चोवीस दिवसांतला माझा तेवढाच एक विजय.

पॉटचं लिहू की नको, असा विचार केला. लिहिते. ज्या बाईनं जन्मभर बाथरूमची कडी आपली आपण लावली, तिला पडद्याआड दोन परक्या माणसांनी उचलायचं, ठेवायचं, "झालं का आजी?" म्हणून विचारायचं. वॉर्डात एक मावशी होत्या, त्या पॉट ठेवला की माझ्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत उभ्या राहत. कुणी त्यांना ते शिकवलं नव्हतं. मला त्यांचं नावही नीट आठवत नाही, पण त्यांची ती पाठ आठवते.

तिथेच मी एक गोष्ट मनाशी ठरवली. चालणं, फिरणं, बाजार, सगळं नंतर. मला एकटीनं बाथरूमला जायचं होतं. बाकी काही नको होतं.

दोन कागद

माझी नोकरी तुम्हाला ठाऊक आहे, पण नेमकं काम ठाऊक नाही. विम्याच्या कचेरीत माझ्याकडे कर्मचाऱ्यांच्या रजा होत्या. किरकोळ, अर्जित, आजारपणाची, बाळंतपणाची. तीस वर्षं मी एक नियम लोकांना समजावून सांगितला: माणूस आजारपणाच्या रजेवर गेला तरी त्याची जागा, त्याची श्रेणी, त्याची सेवाज्येष्ठता कुठे जात नाही. फिट सर्टिफिकेट दिलं की तो होता तिथेच रुजू होतो. कुणाला शिपायापासून पुन्हा सुरुवात करायला लावत नाहीत.

हे डोक्यात इतकं मुरलं होतं की माझ्या शरीरालाही हाच नियम लागू आहे, असं मी धरून चालले.

घरी आल्यावर आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीसाठी वंदना येत असे. पंचविशीची, बारीक, घड्याळ उजव्या हाताला. तिनं मला एक सायक्लोस्टाइल केलेला कागद दिला. त्यावर काड्यांची माणसं काढलेली होती. पहिला आठवडा: पाठीवर पडून घोटा वरखाली, पाच वेळा. विश्रांती. निरोगी हातानं आजारी हात धरून छातीपर्यंत आणणे, पाच वेळा. विश्रांती. पलंगाच्या कडेला बसणे, पाच मिनिटं. बस.

"आणि उभं राहणं?" मी विचारलं.

"ते चौथ्या आठवड्यात. ते पण मी असताना, किंवा आजोबा शेजारी असताना."

"पाचऐवजी दहा वेळा केलं तर?"

"तर उद्या तीनच होतील, आजी."

ती गेल्यावर मी त्या कागदावरचे ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईनं दुरुस्त केले. अशुद्ध कागदावर मी विश्वास ठेवत नसे.

त्याच सुमारास तुमच्या बाबांनी पाठवलेलं पुस्तक आलं. घरच्या घरी करायचे व्यायाम, गुळगुळीत कागद, प्रत्येक वयाचा तक्ता, ए ते ई अशा पाच पातळ्या. सुरुवातीला प्रश्नावली. उत्तरं लिहा, गुण मोजा, तुमची पातळी कोणती ते पुस्तक सांगेल. मला ते फार आवडलं. मला वाटलं, हे माझ्या भाषेत बोलतं आहे.

न थांबता किती मजले चढता? मी लिहिलं, तीन. आमच्या कचेरीची लिफ्ट कायम बंद असायची. रोज किती मिनिटं चालता? पंचेचाळीस. खुर्चीवरून हात न टेकता किती वेळा उठू शकता? इथे जरा थांबले, मग वीस लिहिलं.

आजोबा खांद्यावरून बघत होते. "अगं, हे आत्ताचं विचारतायत ना?"

"आत्ताचं म्हणजे आजारातलं. ते काही माझं खरं माप नाही."

"पण आत्ता तुला उठवायला मी लागतो."

"तात्पुरतं."

इंग्रजी पुस्तकाच्या बाबतीत ते माझ्यापुढे कधीच बोलले नाहीत. मी बी. ए. होते, ते मॅट्रिक.

पातळी आली सी. प्रश्नावलीच्या तळाशी एक ओळ होती: नुकतेच आजारातून उठलेल्यांनी प्रश्नावली सोडून द्यावी, डॉक्टरांना विचारावं आणि पहिल्या पानापासून सुरू करावं. मी ती ओळ वाचली नाही असं नाही. मी तिच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली. चांगलं वाक्य दिसलं की रेघ मारायची, ही माझी सवय. मग मी पान उलटलं.

पुढे एका डॉक्टरांनी मला सांगितलं की मेंदूच्या उजव्या बाजूला असा झटका आला की कधीकधी माणसाला आपलं काय गेलं आहे तेच उमगत नाही. त्यांनी ती सबब माझ्यासाठी ठेवली. मी अर्धी घेतली. उरलेला अर्धा भाग माझा स्वभाव होता.

जनाबाई

वंदनाला मी पुस्तकाचं सांगितलं नाही. ती आली की काड्यांच्या माणसांचे व्यायाम. ती नसली की पुस्तक. आजोबांना धरून मी उभी राहायला लागले, मग सोडून. डावा गुडघा थरथरायचा. आजोबा "पुरे आता" म्हणायचे आणि मी त्यांना तक्ता दाखवायचे. तक्त्यात त्या दिवशीचा रकाना रिकामा राहिला की मला जेवण जात नसे.

आमच्याकडे मासळी द्यायला गव्हाणहून जनाबाई यायची. उंच, काळी, कानात जड सोनं. ती खिडकीच्या गजाशी उभी राहून माझा व्यायाम बघायची.

"बाय, यो काय चाललाय?"

"व्यायाम आहे जनाबाई. उठायचं आणि बसायचं."

"घाई कशाला? माज्या सासूला असाच झाला व्हता. आमी तिला चार मयने नुसती बसवली. भिंतीला टेकून. मंग खाटंला धरून उबी केली. मंग दाराशी."

"मग?"

"मंग मेली." जनाबाईनं पदरानं नाक पुसलं. "पन उबी ऱ्हायली ना!"

मी खूप दिवसांनी हसले. वाकड्या तोंडानं हसताना लाळ गळते, म्हणून हसायचं टाळत असे. जनाबाईनं ते पाहिलं आणि टोपलीकडे वळली. "तुला बारकी मांदेली देते. काटा मऊ असतो. आनि त्या कबुतराच्या रगताचा बग. चोलायचा. गुन येतो."

कबुतराचं रक्त मी अर्थातच लावलं नाही. मी शिकलेली बाई. मी पुस्तकाप्रमाणे चालले.

नववी वेळ

सकाळचे अकरा वाजले होते. आजोबा औषधं आणायला जुन्या पनवेलला गेले होते. वंदनानं बजावलं होतं, एकटीनं उभं राहायचं नाही. पण आजोबा घरात असले की मध्ये मध्ये बोलायचे, आणि माझी मोजणी चुकायची. ते गेले तेव्हा मला बरंच वाटलं.

पुस्तकातल्या चित्रात खुर्ची खोलीच्या मधोमध होती. मीही तशीच ठेवून घेतली होती, घडीची लोखंडी खुर्ची. भिंतीला टेकवायची बुद्धी झाली नाही. त्या दिवशी तक्त्यात बारा वेळा लिहिलं होतं. आठ वेळा उठले. दम लागला. अर्ध्यावर सोडायचं नाही, असं मनात म्हणाले. नवव्या वेळी डावा गुडघा नाहीसा झाला. दुसरा शब्द मला सापडत नाही. खुर्ची मागे सरकली आणि मी डाव्या अंगावर फरशीवर आले. हात पुढे करून सावरायचं असतं, पण तो हात माझं ऐकत नव्हता.

खुब्यातून जो आवाज आला तो मी ऐकला.

किती वेळ गेला माहीत नाही. "मावरं घ्या मावरंऽ" अशी हाक जवळ आली. मग खिडकीत जनाबाईचा चेहरा दिसला.

"बाय! पडली का काय?"

मला ओरडता येईना. मान हलवली.

"हलू नको. आजिबात हलू नको गो. दार कसा उगडू?"

दाराला लॅच होतं. किल्ली आजोबांकडे. जनाबाईनं वरच्या मजल्यावर हाका मारल्या, कुणी घरात नव्हतं. मग तिनं टोपली खाली ठेवली आणि खिडकीबाहेर उकिडवी बसली. मला फक्त तिची बोटं दिसत होती, गजांना धरलेली, खवले चिकटलेली.

"माज्याकडं बग. डोले मिटू नको. बोल काय तरी."

"काय बोलू?"

"शिव्या दे. तुजा नवरा कुटं उलथला त्याला शिव्या दे."

तास-दीड तास ती तिथे उन्हात बसून होती. माझ्याशी बोलत होती, सुनेच्या कागाळ्या सांगत होती. तिची मासळी त्या दिवशी नासली. आजोबा आले तेव्हा तीच त्यांना दारातून ओरडून म्हणाली, "उचलू नका! पयला गाडी आना!" नाहीतर आजोबांनी मला उचललं असतं आणि आणखी काही मोडलं असतं.

दुसरा मुक्काम

खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, आत पट्टी आणि स्क्रू घातले. हॉस्पिटलचा पॉट, थर्मामीटर, सगळं पुन्हा. फक्त या वेळी पाठ फिरवून उभ्या राहणाऱ्या मावशी नव्हत्या.

तुमच्या बाबांचा फोन शेजाऱ्यांकडे आला. आजोबांनी घेतला. बाबांनी विचारलं, आई कशी पडली? आजोबांनी मला काही न विचारता सांगितलं, "बाथरूमजवळ पाय घसरला." संध्याकाळी मला म्हणाले, "पुस्तक त्यानं पाठवलंय. जन्मभर मनाला लावून घेईल." मी मान डोलावली.

इथपर्यंत ठीक होतं. पण शनिवारी तुमची आत्या ठाण्याहून आली आणि पलंगापाशीच आजोबांवर कडाडली.

"बाबा, आईला एकटीला टाकून तुम्ही गेलातच कसे? तिला काय झालंय ते माहीत नव्हतं तुम्हाला?"

आजोबा म्हणाले, "लक्ष राहिलं नाही."

मी तिथे होते. माझी वाचा शाबूत होती. मी एक शब्द बोलले नाही. आत्या वर्षभर त्यांच्याशी तुटक वागली आणि मी ते चालू दिलं. या आजारपणात मला जी लाज वाटते ती पॉटची नाही, ती या गप्प बसण्याची आहे. याची एक प्रत आत्यालाही पाठवते आहे.

घरी आल्यावर अकरा आठवडे मी पलंगावर होते. पाठीला जखम झाली. मदतीला ठेवलेली बाई फक्त सकाळी यायची, उरलेल्या वेळी आजोबा. ते तेव्हा सदुसष्ट वर्षांचे. मला कुशीवर वळवणं, पॉट देणं, पुसणं, चादर. एके दुपारी त्यांना यायला उशीर झाला आणि चादर भिजली. ती ओढून काढता काढता ते म्हणाले, "सगळ्या कचेरीला रजा दिल्यास. माझी कधी?"

"मी मेले की."

"ते तू वेळेवर करायची नाहीस."

मग त्यांनी कोरडी चादर घातली, नेहमीप्रमाणे चारही कोपरे खोचले. दोन दिवसांनी मला वर सरकवताना त्यांची कंबर गेली. मागच्या वेळी तुम्ही आलात तेव्हा अनिशनं विचारलं होतं, आजोबांना पट्टा का? आम्ही म्हणालो, वय झालं. वय नव्हे, मी.

त्या अकरा आठवड्यांत डावा हात आखडून गेला. मूठ मिटली ती मिटलीच. वंदना पुन्हा येऊ लागली तेव्हा तिनं तो हळूहळू सरळ करून पाहिला, मग मांडीवर ठेवला.

"आजी, झटक्यानंतरचे पहिले काही महिने हाताचे असतात. ते आपले गेले."

"पुन्हा नाही?"

"थोडं दुखणं कमी करू. काम नाही करणार तो."

मग मी तिला पुस्तक दाखवलं. तिनं प्रश्नावली वाचली, माझी उत्तरं वाचली, तळाची रेघ मारलेली ओळ वाचली. मला वाटलं, रागावेल. ती नुसतं म्हणाली, "पुस्तक चांगलं आहे हो." आणि मग मी रडले. आजारपण सुरू झाल्यापासून पहिल्यांदा.

पहिल्या पानापासून

आता जे लिहिते ते नीट वाचा, आणि इथून पुढे बाबांना बोलावून घेतलंत तरी चालेल.

व्यायाम निवडताना काल काय जमत होतं ते लिहायचं नाही. तरुणपणी काय केलं तेही नाही. या आठवड्यात, बूट घालून, घाम न लपवता काय जमतं, तेच खरं. ते करून पाहावं आणि सुरुवात त्याच्या निम्म्यानं करावी. दहा जमत असतील तर पाच. वंदनाचा हिशोब हाच होता आणि मी त्यावर लाल शाई फिरवली होती.

दुसरं, व्यायाम करताना सलग एक वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटत असतील तर ती पातळी आपली नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग जास्त दुखलं तर एक पायरी खाली यायचं, आणि त्याला हार म्हणायचं नाही. छातीत, जबड्यात, हातात काही वेगळं वाटलं तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरला सांगायचं, तक्ता गेला खड्ड्यात. खुर्ची असेल तर ती भिंतीला टेकलेली हवी. आणि घरात दुसरं माणूस हवं, त्यानं मध्ये मध्ये बोललं तरी चालेल. बरं होईल बोललं तर.

आता हे तुमच्या बाबांसाठी: तुझ्या डॉक्टरांना कॅसेट दाखव. पहिला भाग म्हाताऱ्यांसाठी नाही, सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. तू चाळिशी ओलांडलेला, दिवसभर खुर्चीत बसणारा, रक्तदाब असलेला माणूस आहेस. कॉलेजात कबड्डी खेळत होतास ते आता धरायचं नाही. पुस्तक तू पाठवलंस म्हणून काही झालं नाही. त्यात सगळं बरोबर लिहिलं होतं. चुकीची उत्तरं मी दिली.

दुसऱ्यांदा मी सुरुवात केली ती घोट्यापासून. पाच वेळा. विश्रांती. तीन आठवडे तेवढंच. मग पलंगाच्या कडेला बसणं. वॉकरला दोन हात लागतात, म्हणून मला चार पायांची काठी मिळाली. आजोबांना आता मला धरता येत नव्हतं, म्हणून ते एक एक पाऊल मागे चालायचे आणि जनाबाई खिडकीतून ओरडायची, "शाबास! आता खाली बग, वर नको!" दहा महिन्यांनी मी एकटी बाथरूमपर्यंत गेले. आत जाऊन दार लोटलं. कडी लावायला हात मोकळा नव्हता, काठी सोडता येत नव्हती. म्हणून दार तसंच लोटलेलं राहिलं. आजही तसंच राहतं. बाहेर कुणी थांबत नाही, एवढं मात्र मी मिळवलं.

जनाबाई गेल्या दिवाळीनंतर यायची बंद झाली. तिची सून येते. मी विचारलं, सासू कशी आहे? ती म्हणाली, "पडून हाय." कुणी बसवतं का, असं विचारलं. सुनेनं टोपली उचलली आणि ती पुढच्या घराकडे गेली. मला गव्हाणला जाता येत नाही. रिक्षात मी चढू शकत नाही.

घरात काही खाली पडलं तर आजोबांना वाकता येत नाही आणि मला उचलता येत नाही. चमचा, चष्म्याची डबी, वर्तमानपत्र, ते बाई येईपर्यंत तिथेच असतं. आम्ही त्याला वळसा घालून जातो.

उरलं आहे ते एवढं. माझी वाचा आहे. उजवा हात आहे, हे सगळं त्यानंच लिहिलं, चार दिवस लागले. घरातल्या घरात सोळा पावलं आहेत. आजोबा आहेत.